सेकंदांचीही तेरीज लागली पाहिजे : सहकारी बँकांमधील डेटाबेस कर्मचाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक मंडळ व मुख्य कार्यकारी अधिकारी

विषय : कोअर बँकिंगच्या डेटाबेस सर्व्हरची नियमित देखरेख आणि निदान

महोदय,

दिवसाअखेर रोखपालाच्या हिशोबात एक रुपयाची तूट आली, तरी शाखा बंद होत नाही. व्हाउचरे पुन्हा चाळली जातात, नोटा पुन्हा मोजल्या जातात, तेरीज जुळते आणि मगच कुलूप लागते. ही शिस्त सहकारी बँकांची खरी पुंजी आहे आणि आम्हा सर्वांना तिचा अभिमान आहे. पण त्याच शाखेत खातेदार काउंटरसमोर चाळीस मिनिटे उभा राहिला, तर ती चाळीस मिनिटे कशात गेली याचा हिशोब कोणत्याही कागदावर नसतो. ‘सर्व्हर स्लो होता’ एवढे तीन शब्द बोलले जातात आणि विषय तिथेच मिटतो.

आम्ही बँकांच्या संगणक विभागांत डेटाबेस सांभाळणारे कर्मचारी आहोत. काही कायम सेवेत आहेत, बरेचसे एजन्सीमार्फत कंत्राटावर आहेत. कुणाकडे ओरॅकल आहे, कुणाकडे एसक्यूएल सर्व्हर, कुणाकडे पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. आमची मुळातली मागणी एकच आहे : पैशाचा हिशोब ठेवतो तसा वेळेचाही हिशोब ठेवला जावा. पुढचे सगळे त्यातूनच निघते.

गळीत हंगामातली एक सकाळ आधी सांगतो. बँकेचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण असा दिवस आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात. त्यामुळे कारखान्याची बिले एकगठ्ठा जमा होतात आणि दुसऱ्या दिवशी शाखेची रांग पायऱ्यांखाली उतरते. त्या दिवशी दहाला काउंटर उघडले. साडेदहानंतर रोखपालांच्या पडद्यावर ‘पोस्ट’चे बटण दाबले की नुसते चक्र फिरू लागले. पावणेअकरापर्यंत पाच शाखांचे फोन आले. अकरा वाजून दहा मिनिटांनी वरून निरोप आला, रिस्टार्ट मारा. आमच्या सहकाऱ्याने दहा मिनिटे मागितली, ती मिळाली नाहीत. रिस्टार्टनंतर काम सुरळीत झाले आणि रिस्टार्ट हेच औषध आहे अशी सर्वांची खात्री पटली. पावणेबाराला सगळे पुन्हा थांबले.

या वेळी दुसरा निरोप येण्याआधी त्या सहकाऱ्याने पोस्टग्रेसच्या ‘पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी’ या तक्त्यात डोकावून पाहिले. कोणते सेशन काय करत आहे आणि कशासाठी थांबले आहे, हे तिथे दिसते. 140 सेशन होती. मोजकी सोडली तर सगळ्यांसमोर एकच शब्द होता : लॉक. कोण कुणामुळे अडले आहे ती साखळी शोधत गेल्यावर एकच सेशन उरले. त्याची स्थिती होती ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे व्यवहार उघडलेला, पण हाताला काम नाही. डेटा दुरुस्तीसाठी व्हेंडरच्या माणसाने दुरून जोडणी घेतली होती. पुढचा व्हाउचर क्रमांक ज्या ओळीत ठेवलेला असतो ती ओळ त्याने बदलली होती, कमिट केले नव्हते, म्हणजे बदल पक्का करून व्यवहार मिटवला नव्हता, आणि तो दुसऱ्या कामाला लागला होता. बँकभरच्या प्रत्येक व्यवहाराला त्याच ओळीतून क्रमांक घ्यायचा असल्यामुळे सगळे तिच्यापुढे ताटकळत उभे होते. त्या क्षणी प्रोसेसर बारा टक्केही वापरात नव्हता आणि डिस्क जवळपास रिकामी होती. ते एक सेशन बंद करताच काही सेकंदांत पाचही शाखा चालू झाल्या.

पहिल्या रिस्टार्टनेही नेमके हेच झाले होते. अडवणारे सेशन तुटले म्हणून काम सुरू झाले, पण त्याबरोबर पुरावाही पुसला गेला. त्या माणसाने पुन्हा जोडणी घेतली आणि सगळे पहिल्यापासून घडले. शाखेत तोवर काय चालले होते, तेही इथे नोंदवायला हवे. सातच्या एसटीने आलेल्या एक आजी पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांची परतीची गाडी निघून गेली होती. तीन महिन्यांनी बँकेने दुप्पट ताकदीचा नवा सर्व्हर घेतला. त्यावरही उद्या कुणी ती ओळ धरून बसले, तर रांग इतकीच लांब होईल.

म्हणून पहिली मागणी अशी की, डेटाबेस कशासाठी थांबतो याची नोंद चोवीस तास ठेवली जावी. कोणत्याही व्यवहाराला लागलेल्या वेळेचे दोन भाग असतात : प्रत्यक्ष काम केल्याचा आणि कशाची तरी वाट पाहिल्याचा. डिस्कची वाट, लॉकची वाट, नेटवर्कची वाट, कमिट डिस्कवर लिहिले जाण्याची वाट. संचालक मंडळाला आज जो आलेख दाखवला जातो तो प्रोसेसर आणि मेमरी किती वापरात आहे याचा असतो, आणि वर सांगितलेल्या सकाळी तो आलेख अगदी निरोगी दिसत होता. रोगी तापाने फणफणला असताना त्याचे वजन पाहून ‘प्रकृती ठीक’ लिहावे, तसेच हे झाले. वेळ कुठे गेला ते आधी शोधा, हा विचार काही नवा नाही. कॅरी मिलसॅप आणि जेफ होल्ट यांनी 2003 मध्ये ओरॅकलच्या कामगिरीवर जे पुस्तक लिहिले त्याचा गाभाच हा होता. पोस्टग्रेसमध्ये वाट पाहण्याची कारणे 2016 च्या 9.6 आवृत्तीपासून तपशिलाने दिसतात. ओरॅकल तर दर सेकंदाला सक्रिय सेशनचा नमुना घेते. दर दहा सेकंदांनी सेशनची स्थिती टिपून वेगळ्या ठिकाणी साठवणारी एक छोटी स्क्रिप्ट आम्ही आठवडाभरात बसवू शकतो. आम्हाला फक्त परवानगी हवी आहे.

या साधनांपैकी बरीचशी बँकेने आधीच विकत घेतलेली आहेत किंवा फुकट मिळालेली आहेत, पण ती बंद पडून आहेत. पोस्टग्रेससोबत ‘पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स’ येते. कोणती क्वेरी किती वेळा चालली आणि तिने एकूण किती वेळ खाल्ला हे ते सांगते. मात्र ते सर्व्हर सुरू होतानाच चढवावे लागते, म्हणजे एकदा ठरवून रिस्टार्ट लागतो. त्या एका रिस्टार्टची तारीख मिळावी म्हणून आमचे काही सहकारी वर्षभर अर्ज करत आहेत. मायएसक्यूएलमध्ये मंद क्वेरींची नोंद मूळ मांडणीत बंद असते आणि चालू केली तरी 10 सेकंदांच्या पुढचीच क्वेरी मंद धरली जाते. काउंटरवर 10 सेकंद म्हणजे काय, ते रोखपालाला विचारावे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2016 पासून ‘क्वेरी स्टोअर’ आहे, पण नव्या डेटाबेसवर ते आपोआप चालू असणे 2022 च्या आवृत्तीपासून सुरू झाले. जुन्या बँकांचे डेटाबेस जुनेच आहेत, त्यामुळे तिथे कुणीतरी ते हाताने चालू करायला हवे. ओरॅकलबाबत मात्र सावध राहायला हवे. तिथल्या एडब्ल्यूआर या कामगिरीच्या नोंदसंग्रहाच्या अहवालासाठी डायग्नॉस्टिक्स पॅकचा वेगळा परवाना लागतो. तो घ्यावा, नाहीतर जुने आणि विनाशुल्क असलेले स्टॅट्सपॅक बसवावे. परवाना नसताना अहवाल काढण्याचा तोंडी आदेश कुणी कर्मचाऱ्याला देऊ नये.

आता मागचा दिवस आठवण्याचा प्रश्न. एडब्ल्यूआर दर तासाला नोंद घेते आणि मूळ मांडणीत ती 8 दिवस ठेवते. आपल्या कामाचा ठेका आठवड्याचा नाही. उसाची बिले पंधरवड्याने येतात, पगार महिन्याने, खरिपाची पीककर्जे हंगामाने आणि 31 मार्च वर्षातून एकदा. यंदाचा 31 मार्च जड गेला असे आपण म्हणतो, तेव्हा तुलनेला मागचा 31 मार्च हातात असावा लागतो. म्हणून कामगिरीच्या नोंदी किमान 13 महिने जपल्या जाव्यात. सेकंदासेकंदाचा तपशील एक महिना, त्यानंतर तासाचा गोषवारा, एवढे पुरे. जागा फारशी लागत नाही.

हे केवळ तत्त्व म्हणून मागत नाही. एका बँकेत डे-एंड, म्हणजे दिवसाअखेरचे हिशोब मिटवण्याचे काम, दोन तासांत संपायचे, ते एका रात्रीपासून पाच तास चालू लागले. कोणी काही बदलले नव्हते. शोध घेतल्यावर कळले की मोठ्या व्यवहार-तक्त्याची सांख्यिकी जुनी झाली होती. पोस्टग्रेस आपल्या मूळ मांडणीत तक्त्यातल्या साधारण 10 टक्के ओळी बदलल्या की ती सांख्यिकी ताजी करते. तक्ता लहान असताना हे रोज घडायचे. तो 5 कोटी ओळींचा झाल्यावर त्यासाठी 50 लाख बदल लागू लागले आणि तोवर डेटाबेस जुन्या अंदाजावर चालत राहिला. आजच्या तारखेच्या नोंदी जवळपास नाहीतच असे धरून त्याने एकेक ओळ शोधत जाण्याचा मार्ग निवडला, आणि नोंदी तर लाखांत होत्या. ‘ॲनलाइझ’ ही एका शब्दाची आज्ञा दिल्यावर डे-एंड पुन्हा दोन तासांवर आले. पण तिथवर पोचायला अकरा रात्री गेल्या, कारण पूर्वी ती क्वेरी कोणत्या मार्गाने चालत होती याची नोंदच नव्हती. त्या अकरा रात्री तीन माणसे कार्यालयातच झोपली.

मंडळापुढे येणाऱ्या मासिक अहवालात सरासरी वेळ दाखवणे थांबवावे, अशीही आमची मागणी आहे. समजा 1000 व्यवहार झाले. त्यातले 950 प्रत्येकी 0.2 सेकंदात झाले आणि 50 ना प्रत्येकी 20 सेकंद लागले. सरासरी येते 1.19 सेकंद, आणि ती वाचून कुणाच्याही कपाळाला आठी पडणार नाही. पण त्या 50 माणसांनी वीस-वीस सेकंद बंद पडद्याकडे पाहिले आहे. म्हणून शंभरातले 95 आणि 99 व्यवहार किती वेळात आटोपले ते आकडे द्यावेत. आणि ते पैसे काढणे, भरणा, पासबुक छपाई, कर्जखाते असे कामानुसार वेगळे द्यावेत. सगळी कामे एका आकड्यात कोंबली तर कोणत्या काउंटरवर दुखते ते कळत नाही.

रिस्टार्टबद्दल आमचे म्हणणे ठाम आहे. सर्व्हर अडला की आधी तीन मिनिटे पुरावा गोळा केला जाईल : सेशनची यादी, कोण कुणाला अडवत आहे ती साखळी, डिस्क आणि प्रोसेसरची स्थिती. ही सगळी माहिती एका आज्ञेत गोळा करणारी स्क्रिप्ट आम्ही तयार ठेवू. त्यानंतर रिस्टार्ट करायचा की नाही हे कामावरचा डेटाबेस कर्मचारी ठरवेल आणि कारण लेखी नोंदवेल. फोनवरून तोंडी दिलेला रिस्टार्टचा आदेश पाळण्याची सक्ती नसावी. उघडा ठेवून सोडून दिलेला व्यवहार ठराविक वेळेनंतर आपोआप तोडण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये 9.6 पासून आहे, पण मूळ मांडणीत तीही बंद असते. ती चालू केली असती तर त्या सकाळचा प्रसंग टळला असता. मात्र किती मिनिटांची मर्यादा घालायची हे व्हेंडरशी बसून ठरवावे लागेल, कारण डे-एंडमधले काही लांब व्यवहार तिच्यामुळे तुटू शकतात.

नवे यंत्र घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. कधीकधी ते खरोखर घ्यावेच लागते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी 1909 मध्ये रांगांचे जे गणित मांडायला घेतले, ते आजही आपल्या डिस्कला लागू पडते. एक खिडकी असलेल्या साध्या रांगेत खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर माणसाला मूळ कामाच्या दुप्पट वेळ लागतो. 80 टक्के गुंतली की पाचपट, 90 टक्क्यांवर दहापट. म्हणजे 80 वरून 90 वर जाताना, त्या दहा टक्क्यांतच वेळ दुप्पट होतो. वापर 80 च्या आसपास पोचताना दिसला, तर खरेदीचा प्रस्ताव आम्हीच आणू. मात्र प्रत्येक प्रस्तावासोबत एक पान जोडलेले असावे : व्यवहारांचा वेळ आज कुठे जातो आणि नवे यंत्र आल्यावर त्यातला कोणता भाग कमी होईल. लॉकसाठी गेलेला वेळ त्या पानावर असेल, तर यंत्र हा त्याचा इलाज नाही हे सभासदांचा पैसा खर्चण्याआधीच दिसेल.

बहुतेक ठिकाणी डेटाबेसची किल्ली व्हेंडरकडे असते आणि आम्हाला फक्त सर्व्हरच्या खोलीची. बँकेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना किमान पाहण्याचा अधिकार मिळावा. पोस्टग्रेसमध्ये 2017 च्या 10 व्या आवृत्तीपासून यासाठी ‘पीजी-मॉनिटर’ नावाची तयार भूमिका आहे. तिच्यातून आकडेवारी दिसते, पण खातेदाराची एकही नोंद बदलता येत नाही. करार नव्याने होतील तेव्हा हे कलम त्यात घालावे. गोपनीयतेची शंका रास्त आहे. मंद क्वेरींच्या नोंदीत खाते क्रमांक जसेच्या तसे उमटू शकतात आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही जोखीम हलक्याने घेता येणार नाही. म्हणून त्या फाइली कोण पाहू शकतो याची नावनिशी यादी ठेवावी. ‘पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स’ क्वेरीतली प्रत्यक्ष मूल्ये काढून त्या जागी खुणा ठेवते, त्यामुळे रोजच्या वापरासाठी तेच बरे.

घड्याळे जुळवा. ही मागणी लहान वाटेल, पण डेटाबेस सर्व्हर आणि ॲप्लिकेशन सर्व्हर यांच्या वेळेत चार मिनिटांचा फरक असताना आम्ही दोन दिवस भलत्याच नोंदी तपासल्या आहेत. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवणे आणि नोंदी 180 दिवस जपणे तसेही बंधनकारक आहे.

धोक्याच्या सूचना कमी कराव्यात. आज रात्रभरात आमच्या फोनवर शेकडो संदेश येतात. डे-एंड चालू असताना प्रोसेसर 95 टक्क्यांवर गेला तर ते काम होत असल्याचे लक्षण आहे, त्यासाठी कुणाला उठवू नये. माणसाने उठून लगेच काहीतरी करायलाच हवे अशाच गोष्टींसाठी फोन वाजावा : लॉकची रांग लांबली, डिस्क भरत आली, दुय्यम सर्व्हर मागे पडला, बॅकअप झाला नाही.

बॅकअपवरून एक सार्वजनिक घटना मंडळापुढे ठेवतो, कारण आमच्या सेवाशर्तींची मागणी तिच्याशी बांधलेली आहे. 31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या डेटाबेसवर अचानक ताण आला आणि दुय्यम सर्व्हर मागे पडला. दिवसभर काम करून रात्री उशिरा तो दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी पुसली. सुमारे 300 जीबीपैकी हाताशी उरले साडेचार जीबी. नेहमीचे बॅकअप घेणारे साधन डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचे असल्यामुळे ते गुपचूप अपयशी ठरत होते आणि त्याची सूचना देणारे ईमेल स्वीकारलेच जात नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने सगळा घटनाक्रम जाहीर केला आणि त्यात त्या अभियंत्याचे नाव घातले नाही. दोष व्यवस्थेत शोधला, म्हणून तो सापडला.

आपल्याकडे असे काही झाले की पहिल्यांदा कारणे दाखवा नोटीस निघते. कंत्राटी माणूस असेल तर तो दुसऱ्या दिवशी बदलला जातो आणि काय घडले हे सांगू शकणारा एकमेव साक्षीदार बँकेबाहेर जातो. म्हणून आम्ही मागतो की, प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर सात दिवसांत लेखी चिकित्सा व्हावी आणि प्रामाणिकपणे सांगितलेल्या चुकीवर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये. चालू डेटाबेसवर काही पुसण्याची किंवा बदलण्याची आज्ञा रात्री एकट्याने देऊ नये, दुसऱ्या माणसाने ती वाचलेली असावी. सलग बारा तास जागा असलेला कर्मचारी मुख्य सर्व्हरला हात लावणार नाही. रात्रीच्या पाळीला भत्ता आणि बदली रजा मिळावी, ती कंत्राटी सहकाऱ्यांनाही मिळावी. आणि दर तीन महिन्यांनी बॅकअप वेगळ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभारून, त्यातली तेरीज मूळ तेरजेशी ताडून पाहिली जावी.

देखरेखीनेच सर्व्हर मंदावेल, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये लिहायची ठरवली तर डिस्क भरेल आणि काम खरोखर अडेल. म्हणून आम्ही सगळे मागत नाही, नमुने मागतो. प्रत्येक साधन आधी चाचणी सर्व्हरवर बसवू, आधीचा आणि नंतरचा वेळ मोजू, आणि फरक जाणवण्याइतका असेल तर ते साधन आम्हीच काढून टाकू. इंडेक्स, सेटिंग, आवृत्ती यांतला एका वेळी एकच बदल करू आणि त्याची तारीख, वेळ व कारण एका वहीत लिहू. व्हेंडरनेही त्याच वहीत लिहावे.

येत्या गळीत हंगामाचे बॉयलर पेटण्याआधी सुरुवात व्हावी म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवतो. ऑगस्टअखेर साधने चालू करण्यासाठी एका रविवारचा ठरलेला रिस्टार्ट. सप्टेंबरमध्ये सर्वाधिक वर्दळीच्या पाच शाखांच्या व्यवहारांचे महिनाभर मोजमाप. ऑक्टोबरच्या मंडळ सभेत त्याचा अहवाल, शाखेगणिक आणि कामागणिक, आम्ही स्वतः मांडू. मंडळातील एका संचालकांनी त्या महिन्यात एक दिवस आमच्यासोबत सर्व्हरच्या खोलीत आणि एक दिवस काउंटरच्या अलीकडे, रांगेत घालवावा, अशी नम्र विनंती आहे.

चर्चेसाठी 15 दिवसांत वेळ द्यावी. सोबत तीन मिनिटांच्या पुरावा-स्क्रिप्टचा मसुदा आणि मासिक अहवालाचा नमुना जोडला आहे.

आपले नम्र,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद